राजाने स्वहस्ते उतरवून घ्यायचा ग्रंथ

बायबलमधील राजसत्तेची कथा एका इशाऱ्यापासून सुरू होते. इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हांलाही राजा हवा, असा आग्रह इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी वृद्ध शमुवेलापुढे धरला, तेव्हा त्याने राजा आल्यावर घरातून काय काय जाईल याची यादीच सांगितली : मुलगे रथांपुढे धावतील, मुली राजवाड्यात सुगंधी द्रव्ये व रोट्या करतील, उत्तम द्राक्षमळे दरबारी चाकरांना मिळतील आणि धान्याचा दहावा हिस्सा राजाला द्यावा लागेल. तरीही लोकांनी राजाच मागितला व परमेश्वराने तो दिला. मात्र ही संमती नाइलाजाची होती, आणि बायबलच्या राजकीय विचारातील बहुतेक ताण याच नाइलाजातून आला आहे.

मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ हे काहीसे फसवे नाव असलेल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाने घोडे, बायका आणि सोनेनाणे वाढवू नये, असे सांगून त्याच्यावर एक विलक्षण काम सोपवले आहे : त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आपल्या बांधवांपेक्षा आपण श्रेष्ठ आहोत असे वाटू नये म्हणून ती आयुष्यभर वाचावी. कायदा देणाऱ्या राजाऐवजी कायदा उतरवून घेणारा राजा ही कल्पना त्या काळच्या मानाने धीटच म्हणावी लागेल. राजा ते विसरला, तर आठवण करून देण्यासाठी संदेष्टा असे. परमेश्वराचा निरोप पोहोचवणे हे त्याचे मुख्य काम, भविष्य सांगणे दुय्यम. दावीद राजाने आपल्या सैन्यातील उरीयाची पत्नी आपलीशी करून त्याला लढाईच्या तोंडी मरायला पाठवले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी मारून पाहुण्याला जेवू घालणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, आणि संतापलेल्या राजाने शिक्षा सुनावताच तो माणूस तूच आहेस, असे तोंडावर सांगितले.

नव्या करारात हा ताण मिटत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल राज्यकर्त्यांना देवाचे सेवक म्हणतो व कर भरायला सांगतो, तर प्रकटीकरणाच्या तेराव्याच अध्यायात सत्ता समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दिसते. या दोहोंपैकी पहिला अध्याय सत्ताधाऱ्यांना नेहमीच अधिक प्रिय राहिला, यात नवल नाही.

जर्मनीत १९३३ नंतर नेमके हेच घडले. हिटलरच्या उदयात ईश्वरी संकेत पाहणारा ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाचा गट प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये प्रबळ झाला, तेव्हा त्याला विरोध करणारे प्रतिनिधी मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमले आणि त्यांनी मुख्यतः कार्ल बार्थ या धर्मशास्त्रज्ञाने लिहिलेला सहा कलमी जाहीरनामा स्वीकारला. मंडळीतील पदे एकाने दुसऱ्यावर सत्ता गाजवण्यासाठी नाहीत, म्हणून तिला खास अधिकार असलेला ‘फ्यूरर’ नको, असे चौथ्या कलमाने बजावले. पाचव्याने न्याय व शांतता राखण्याचे राज्यसंस्थेचे काम देवाने नेमलेले मानूनही, मानवी जीवनाची एकमेव व सर्वंकष व्यवस्था होण्याचा तिचा हक्क नाकारला. हिटलरशी निष्ठेची शपथ बिनशर्त घ्यायला बार्थ तयार नव्हता; ‘ख्रिस्ती म्हणून मला जबाबदारीने शक्य असेल तितपत’ अशा आशयाची पुस्ती तिला जोडण्याचा त्याचा आग्रह होता. बॉन विद्यापीठातील त्याची प्राध्यापकी १९३५ मध्ये गेली आणि तो स्वित्झर्लंडमधील बाझेलला परतला. जाहीरनाम्यात ज्यूंच्या छळाविषयी मात्र एक शब्दही नव्हता, आणि ही आपली चूक होती, अशी कबुली बार्थने पुढे १९६७ मध्ये एका पत्रात दिली.