अंगठा उमटला नाही? मग नकार लेखी द्या!

आमच्या वस्तीत एक मावशी राहतात. वय साठीच्या पुढे. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या घरची धुणी-भांडी केली. आधी राखेने आणि नंतर पावडरीने भांडी घासता घासता बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. मुलाचे कार्ड लग्नानंतर वेगळे झाले. मावशींच्या कार्डावर आता त्या एकट्याच. गेल्या पावसाळ्यात त्या रेशन दुकानात गेल्या. दुकानदाराने पॉस मशीन पुढे सरकवले. उजवा अंगठा ठेवला, मशीनने घेतला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला, नाही. डावा ठेवला, तर्जनी ठेवली, तरी नाही. मागे रांग खोळंबलेली. दुकानदार म्हणाला, "मावशी, मशीन घेत नाय. उद्या या." दुसऱ्या दिवशी गेल्या तर सर्व्हर डाऊन. तिसऱ्या दिवशी पुन्हा अंगठ्याचीच अडचण. बघता बघता महिना संपला आणि त्या महिन्याचे धान्य गेले.

मी त्यांच्या मुलाला विचारले. मुलगा पदवीधर आहे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे असतो. तो म्हणाला, "मशीनच घेत नाही म्हटल्यावर आपण काय करणार?" धान्य गेले याचे वाईट वाटलेच, पण शिकलेल्या पोराच्या या उत्तराचे त्याहून अधिक वाटले. कारण मावशींचा हक्क मशीनने एकदा नाकारला आणि त्यांच्या मुलाने तो नकार मान्य करून टाकला.

काही वाचक म्हणतील, पाच किलो धान्यासाठी एवढा लेख कशाला? ज्यांच्या घरी महिन्याचा किराणा एकदम भरला जातो त्यांना पाच किलोचे मोल कळणार नाही. पण प्रश्न केवळ किलोचा नाही. आपल्या आजोबांचा अंगठा सावकाराच्या वहीत उमटत होता. त्या वहीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. त्या अंगठ्यातून सुटण्यासाठी आपल्या बापजाद्यांनी उपाशी राहून पोरांना शाळेत घातले. घरातल्या पहिल्या माणसाने पहिली सही केली तो दिवस अनेक घरांत अजून आठवला जातो. १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. अक्षरओळख नाही म्हणून माणसाचा हक्क कमी होत नाही, ही त्यामागची भूमिका होती. आज अक्षरओळख आहे, सही येते, कार्ड आहे, आधार आहे. आणि बोटावरच्या रेषा झिजल्या म्हणून हक्क थांबतो. हे कसे चालेल?

यंत्राला जात नसते, पण हातांना असते

मी तंत्रज्ञानाचा विरोधक नाही, हे आधीच सांगतो. मशीन येण्यापूर्वीचे दिवस आपण विसरलेलो नाही. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचलले जात होते. दुकानदार म्हणेल तो भाव आणि तो मापेल ते माप. "माल आला नाही" हे त्याचे ठरलेले उत्तर. मशीन आल्यापासून कुणाच्या नावावर किती धान्य गेले याची नोंद राहते. एक देश एक रेशन कार्ड ही योजना २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यामुळे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला गेलेल्या कुटुंबाला दुसऱ्या गावात धान्य उचलता येते. हा फायदा आपल्याच माणसांना आहे. तो नाकारण्यात शहाणपण नाही.

पण यंत्र निर्दोष आहे असे समजणे हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे. बोटांच्या रेषा कुणाच्या झिजतात? कचेरीत फाईल चाळणाऱ्याच्या नाही. झिजतात त्या भांडी घासणाऱ्या बाईच्या, कापूस वेचणाऱ्या मजुराच्या, सिमेंट कालवणाऱ्या बिगाऱ्याच्या, झाडू मारणाऱ्या सफाई कामगाराच्या, आणि म्हातारपणी सगळ्यांच्याच. यंत्राला जात नसते, हे खरे. पण या देशात हात कुणी झिजवायचे हे शतकानुशतके जातीने ठरवले. त्या झिजलेल्या हातांपुढे यंत्र ठेवले, की यंत्राची अडचणही जुन्याच उतरंडीतून खाली येते.

हे कुणाच्या मनचे नाही. आधार प्राधिकरणाच्या तेव्हाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले, की सरकारी सेवांमध्ये आधार पडताळणी यशस्वी होण्याचे प्रमाण ८८ टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या बारा वेळा यंत्र नाही म्हणत होते. परीक्षेत ८८ टक्के मिळाले तर आपण पेढे वाटतो. रेशनच्या रांगेत मात्र उरलेले बारा म्हणजे बारा रिकाम्या पिशव्या.

आधारची सुरुवात आपल्याच राज्यातून झाली, हेही लक्षात घेतले पाहिजे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. ज्याला कागद नाही त्याला ओळख मिळेल, असे तेव्हा सांगितले गेले. पुढे सात वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधार जोडले नाही म्हणून रेशन कार्ड रद्द झाले आणि मुलगी भात मागत गेली, असे घरच्यांनी सांगितले. प्रशासनाने मृत्यूचे कारण मलेरिया असल्याचे म्हटले. कारणावर वाद झाला. ज्या घराला धान्याची सर्वाधिक गरज होती त्याच घराचे धान्य बंद होते, हे मात्र त्या वादात झाकले गेले नाही.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य, हा त्यात दिलेला हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते विनामूल्य राहील असे केंद्राने जाहीर केले.

इथेच एक मेख आहे. धान्य फुकट झाले आणि आपल्याला "लाभार्थी" हे नाव पडले. ग्राहक संरक्षण कायद्यात किंमत मोजून वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक अशी व्याख्या आहे. फुकट घेणाऱ्याला ग्राहक आयोगात उभे राहणे अवघड. म्हणून दुकानदारालाही वाटते, फुकटचे घेता आणि वर बोलता? अशा वेळी छातीठोकपणे सांगितले पाहिजे, की आम्ही इथे ग्राहक नसलो तरी हक्कदार आहोत. हे दान नव्हे. संसदेने केलेल्या कायद्यातले हे देणे आहे. धान्य दिले नाही तर राज्य सरकारने अन्नसुरक्षा भत्ता द्यावा, असे त्याच कायद्याचे कलम ८ सांगते. कलम १५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आहे आणि कलम १६ नुसार राज्य अन्न आयोग आहे. कलम २९ मधल्या दक्षता समित्यांवर अनुसूचित जाती, जमाती आणि महिला यांना प्रतिनिधित्व आहे. आपल्या दुकानाच्या दक्षता समितीवर कोण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आता अंगठ्याचे. केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना स्पष्ट सूचना दिल्या. आधार नाही म्हणून कुणाचे कार्ड रद्द करू नये, आणि बोटांचे ठसे जुळले नाहीत तर इतर मार्गाने ओळख पटवून, वेगळ्या नोंदवहीत नोंद करून धान्य द्यावे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा मुख्यतः वैध ठरवला. त्याच बहुमताच्या निकालात असेही बजावले आहे, की पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला लाभापासून वंचित ठेवता येणार नाही. म्हणजे मशीनने अंगठा घेतला नाही तर धान्य द्यायचे नाही, असा नियमच नाही. नियम आहे तो पुढचा मार्ग काढण्याचा.

तोंडी नकाराला पुरावा नसतो

मग नियम असून मावशी परत का आल्या? कारण त्यांना "नाही" असे कुणी म्हटलेच नाही. "उद्या या" असे म्हटले. दुकानदार म्हणतो, मशीनचा दोष. तहसीलचा कारकून म्हणतो, सर्व्हर वरून चालतो. आधार केंद्रवाला म्हणतो, वय झाले, बोटे झिजली. प्रत्येकाने हात झटकले. नकार घडला, पण नकार देणारा माणूस सापडत नाही आणि नकाराचा कागदही नाही. कागद नाही म्हणून तक्रार नाही. तक्रार नाही म्हणून सरकारदरबारी सर्व काही सुरळीत आहे.

पूर्वी पाणवठ्यावर आपल्याला अडवणारा माणूस समोर दिसत होता. महाडला त्याच्यासमोर उभे राहता आले. आज अडवणारा यंत्राच्या मागे बसला आहे. त्याला समोर आणण्याचे एकच साधन आपल्या हातात आहे, ते म्हणजे कागद. संविधानिक मार्ग सोडू नका, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले. तो मार्ग केवळ सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्यांवरून जात नाही. तो तहसील कार्यालयाच्या आवक खिडकीपासून सुरू होतो.

म्हणून काय करायचे? अंगठा जुळला नाही तर दुकानदाराला डोळ्यांच्या पडताळणीची सोय किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी विचारा. तेही जमत नसेल तर वेगळ्या नोंदवहीत नोंद करून धान्य द्या, असे सांगा. तरीही नाही म्हणाला, तर नकार कारणासह लेखी मागा. तो लिहून देणार नाही, हे गृहीत धरा. मग साध्या कागदावर तारीख, वेळ, दुकान क्रमांक, कार्ड क्रमांक आणि घडलेला प्रकार लिहा. दोन प्रती करा. एक तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. १९६७ या क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक लिहून घ्या. काही हालचाल झाली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत. माझ्या अर्जाचे काय झाले, एवढा एकच प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

हीच सवय इतरत्रही लावून घेतली पाहिजे. बँकेने पैसे कापले, मोबाईल कंपनीने न मागितलेली सेवा लावली, हप्त्यावर घेतलेली वस्तू बिघडली, तर तिथे आपण किंमत मोजलेले ग्राहक असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. पण तिथेही पहिला प्रश्न हाच, पावती कुठे आहे?

चळवळीतल्या तरुणांना एक नम्र सूचना. जयंतीच्या डीजेला जेवढी वर्गणी जमते तिच्या एका कोपऱ्यात वर्षभराचे कागद, पेन आणि झेरॉक्स भागते. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ दोन शिकलेली पोरे टेबल टाकून बसली आणि वस्तीतल्या माणसांचे अर्ज लिहून देऊ लागली, तर त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. शिका आणि संघटित व्हा म्हणजे याहून वेगळे काय?

शेवटी मावशींचे सांगतो. त्यांच्या मुलाने त्याच रात्री अर्ज लिहिला. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेल्या मावशींनी अर्जाखाली थरथरत्या हाताने सही केली. दुसऱ्या दिवशी पोचेचा शिक्का असलेली प्रत दुकानदाराला दाखवली, तेव्हा कुठेतरी ठेवलेली ती नोंदवही निघाली आणि नव्या महिन्याचे पाच किलो मिळाले. बुडालेल्या महिन्याचे धान्य अजून बाकी आहे. त्याचा दुसरा अर्ज गेला आहे, आणि या वेळी मुलाने मला न विचारताच तो लिहिला.