थंडी, बोटे आणि एक गोळी

पौषातल्या ग्वाल्हेरच्या थंडीचे वर्णन येथील वाचकांपुढे काय करावे? अशाच एका सकाळी फळ्यावर लिहिताना आमच्या हातून खडू गळून पडला. पाहतो तो दोन बोटे मेणासारखी पांढरी! थोड्या वेळाने ती निळसर झाली आणि ऊब मिळताच लाल होऊन ठणकू लागली.

या विकाराचे वर्णन पॅरिसच्या मोरिस रेनो यांनी १८६२ साली आपल्या प्रबंधात केले. त्यांचेच नाव त्यास मिळाले. थंडी लागताच शरीर आतली ऊब राखू पाहते. मज्जातंतूंतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन स्रवते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोटांकडे जाणारे रक्त घटते. हे देहाचे शहाणपणच. पण काहींच्या बाबतीत त्याचा अतिरेक होतो.

हा अतिरेक औषधांनीही वाढतो. रक्तदाबासाठी आम्ही उन्हाळ्यापासून प्रोप्रॅनोलॉल घेत होतो. ते हृदयाचा वेग कमी करते. पण रक्तवाहिन्या सैल करणारी एक वाटही अडवते. मग आवळणाऱ्या शक्तीस विरोध उरत नाही. अर्धशिशीवरील अर्गोटामीन, सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन आणि तंबाखूतील निकोटीन यांचाही परिणाम आकुंचनाचाच. मद्याने त्वचेतील वाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते. परंतु शरीराची उष्णता बाहेर जाते.

एका सहकाऱ्याकडून गोळीचा हा गुण कळताच आम्ही ती परस्पर बंद केली. चौथ्या दिवशी छातीत धडधड आणि कळ! घरच्यांनी तातडीने डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, "मास्तरसाहेब, गोळी बदलता येते; पण ती अशी एकदम तोडायची नसते. हृदय उसळून उठते." पुढे त्यांनी आम्हांस निफेडिपिन दिले. ते वाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही. म्हणून स्नायू सैल राहतात, रक्तदाबही उतरतो. पुढचा हिवाळा हातमोजे आणि या गोळीच्या आधाराने सुखात गेला.

जन्मभर मुलांना 'अर्धवट ज्ञान घातक' असे शिकविणाऱ्या आम्हांस तो धडा पन्नाशीनंतर मिळाला. वाचकहो, बोटे पांढरी पडू लागली, तर घेत असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांपुढे मांडा. बोटावर जखम झाली वा ते काळवंडले, तर क्षणाचाही विलंब नको. मात्र चालू गोळी आपल्या मनाने कधीही थांबवू नका.