रस्त्यात ओळखलेला आजार

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली कंपवातावर एक छोटा निबंध छापला. त्यात रुग्ण अवघे सहा. त्यांतले दोघे त्याला रस्त्यात दिसले होते, आणि एकाला तर त्याने फक्त दुरून पाहिले होते. चालण्याची ढब पाहून त्याने हा आजार हेरला. दोनशे वर्षे उलटली तरी आपल्या रस्त्यांवर तो ओळखू येत नाही.

याचे एक कारण म्हणजे आपण फक्त थरथरणारा हात शोधतो. काही रुग्णांचे हात मुळीच थरथरत नाहीत. मेंदूच्या एका छोट्या भागातील पेशी झडत जातात, डोपामिन कमी पडते आणि हालचाल सुरू करणेच अवघड होते. चेहऱ्यावर हसू उमटत नाही, आवाज बारीक होतो. मग माणूस तुसडा झाला, असे नातलग म्हणतात. तोल जाऊ लागला की शेजाऱ्यांना दारूची शंका येते. गोळीचा अंमल असेपर्यंत जिना चढणारा माणूस तो उतरल्यावर खुर्चीतून उठू शकत नाही. 'मघाशी तर चालत होते,' हे वाक्य घरातल्यांनाही सुटत नाही. (मीही ते म्हटले आहे.)

उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळले, तर हाताला धरून ओढू नये. 'ही फरशीची रेघ ओलांडा' म्हणावे, किंवा एक-दोन मोजावे. पुष्कळदा पाऊल उचलले जाते. अशा गोष्टी मी पुस्तकांपेक्षा रुग्णांच्या घरच्या माणसांकडून शिकलो. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांचे मोल मला त्यामुळेच वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा उल्लेख आहे. काउंटरपर्यंत तो पोचलेला नाही. माझ्या वडिलांचे अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेले, तेव्हा बँकेने सही जुळत नाही म्हणून दोन धनादेश परत केले. 'आजोबा, नीट सही करा ना,' काउंटरवरचा मुलगा म्हणाला. त्यात दुष्टपणा नव्हता, माहिती नव्हती. शेवटी त्याने अंगठ्याचा पर्याय सुचवला. पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून अक्षर गिरवून घेतलेल्या शिक्षकाला! वडील काही बोलले नाहीत. चेहऱ्यावरही काही दिसले नाही, दिसणारही नव्हते.

डॉक्टरांचा दाखला देऊन आम्ही नवी सही नोंदवली. आता तीही बारीक होऊ लागली आहे.