नेपल्सच्या कुपीतले रक्त

इटलीतील नेपल्सचे कॅथेड्रल तेराव्या शतकाच्या अखेरीस आंजू राजांच्या काळात उभे राहू लागले. शहराचे रक्षक संत जेनारो यांचे मानलेले रक्त तिथे काचेच्या कुपीत जपलेले आहे. १५२७ साली प्लेग आणि युद्धाने गांजलेल्या नागरिकांनी संताला नवे प्रार्थनागृह बांधण्याचा नवस केला. काम सुरू व्हायला १६०८ उजाडले. नवस फेडायला उशीर फक्त आपल्याकडेच होतो असे नाही!

वर्षातून तीनदा ही कुपी भाविकांपुढे आणून तिरपी केली जाते आणि आतला घट्ट, काळपट गोळा बहुतेकदा पातळ होतो. याची पहिली लेखी नोंद १३८९ची. रक्त असे वागत नाही. गोठताना त्यातले फायब्रिनोजेन खर्ची पडते, त्यामुळे गुठळी विरघळली तरी ते पुन्हा गोठत नाही. १९९१ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ लुइजी गार्लास्केल्ली आणि सहकाऱ्यांनी फेरिक क्लोराइड, खडू व मीठ यांपासून तांबूस जेल बनवले. हलवले की पातळ, ठेवले की घट्ट, अगदी टोमॅटो सॉससारखे. या गुणधर्माला थिक्सोट्रॉपी म्हणतात. कुपी उघडून तपासलेली नसल्याने आत हेच आहे, असे मात्र म्हणता येत नाही. चर्चनेही याला अधिकृतपणे चमत्कार ठरवलेले नाही.

रक्त पातळ झाले नाही तर शहरावर संकट येते, अशी समजूत आहे. १६ डिसेंबर २०२० रोजी ते झाले नाही. करोना तर इटलीत वर्षाच्या सुरुवातीलाच पोहोचला होता.