गेममधली जोड बरोबरीची का लागत नाही? पीव्हीपी बॅलन्सचं गणित, नगरच्या हगाम्यातून

ज्यांना प्रवासात ऐकता येत नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेलं 'म्हणजे, म्हणजे' तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

शेवगावकडून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पठ्ठ्याने तीन महिने रात्री जागून एका ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये आपलं कॅरेक्टर टॉप लेव्हलला नेलं. मग पहिल्यांदा पीव्हीपीत उतरला. पीव्हीपी म्हणजे कॉम्प्युटरच्या राक्षसाशी नाही, तर समोरच्या खऱ्या खेळाडूशी लढाई. आणि दोन फटक्यांत आडवा! समोरच्याकडे विकतची तलवार होती. आता हा विचारतोय, "दादा, चार हजारांची तलवार घेऊ का? पैसे मोबाइलच्या हप्त्याचे आहेत, पण पुढच्या महिन्यात भरीन."

सांगतो. आधी जरा हगाम्याला जाऊन येऊ.

आपल्या नगर जिल्ह्यात गावोगावी जत्रेला कुस्त्यांचा हगामा भरतो. तिथं जोड लावणारी जाणती माणसं काय करतात बघितलंय? पोराचं मनगट बघतात, खांदा बघतात, कान मोडलेत का बघतात, कुठल्या तालमीचा म्हणून विचारतात. मग ठरवतात कोण कोणाला. गेममध्ये हेच काम मॅचमेकिंग करतं, फक्त कानाऐवजी ते तुमचे जिंकलेले-हरलेले सामने मोजतं. आणि तालीम लपवून कच्च्या पोराशी जोड लावून घेणारा बेरकी पैलवान असतोच की! गेममध्ये पट्टीचा खेळाडू नवीन अकाउंट काढून नवख्यांना झोडपतो, तो हाच.

स्पर्धेत हा अंदाज नियमात बांधलेला असतो. फ्रीस्टाइलला ५७ किलो, ६१, ६५ असे गट. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या गटात फायनलला पोहोचली आणि १०० ग्रॅमसाठी अपात्र ठरली. एवढी कडक रेघ कशाला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. पण वजनाचा फरक मुकाबल्यात किती फुगतो ते बघा.

समजा तुझी ताकद १००० आणि फटका १००. समोरच्याची ताकद १२००, फटका १२०. दोन्हींत फक्त २० टक्के फरक. दोघंही सारख्याच वेगाने मारतात. तू नवव्या फटक्याला पडतोस. त्याला पाडायला तुला १२ फटके लागणार होते. तू नऊ मारलेस तरी त्याच्याकडे ३०० शिल्लक. कारण दोन्ही फायदे एकमेकांशी गुणले जातात: १.२ गुणिले १.२ म्हणजे १.४४. वीस टक्क्यांची तलवार आणि वीस टक्क्यांचं चिलखत मिळून चव्वेचाळीस टक्क्यांचा माणूस उभा राहतो.

गर्दीचं तर विचारूच नका. दोघं मिळून एकावर आले की ताकद दुप्पट, मारही दुप्पट, म्हणजे वजन चौपट. अल्बियन ऑनलाइन हा गेम २०२१ पासून मोबाइलवर आहे, तुमच्यातले काही खेळत असतील. त्यात मोठ्या जमावाला मुद्दाम कमजोर करणारा नियम आहे, आणि एकाच खेळाडूवर बरेच जण तुटून पडले तर त्याला लागणारा मार कमी होतो.

मग गिअरचा फरकच का काढून टाकत नाहीत? काढलाय की. गिल्ड वॉर्स २ च्या स्पर्धात्मक पीव्हीपीत सगळे एकाच लेव्हलचे, सगळ्यांचं सामान सारख्या ताकदीचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनेही २०१६ मध्ये तसंच काहीसं केलं, गिअरचं महत्त्व जवळजवळ संपवलं. आणि २०१८ मध्ये ते मागे घेतलं! कारण महिनोन्‌महिने कमावलेलं चिलखत आखाड्यात कामाचंच नसेल तर कमवायचं कशाला, असं लोकांना वाटायला लागलं. मला विचाराल तर इथं दोन्ही बाजू खऱ्या आहेत. रोल-प्लेइंग गेमचा जीवच वाढण्यात आहे, आणि मुकाबल्याचा जीव बरोबरीत.

दुसरी भानगड मैदानाची. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. मातीत चालणारा डाव गादीवर चालेलच असं नाही. गेममध्ये राक्षसाला सहा सेकंद जखडणारं स्किल मस्त वाटतं. तेच माणसावर टाकलं की तो सहा सेकंद नुसता स्क्रीन बघत बसतो. राक्षसाला कंटाळा येत नाही, माणसाला येतो. म्हणून गिल्ड वॉर्समध्ये काही स्किलच्या दोन आवृत्त्या केल्या, एक राक्षसांसाठी, एक माणसांसाठी. वॉरक्राफ्टमध्ये बरीच वर्षं असं होतं की त्याच प्रकारची जखडण पुन्हा टाकली की निम्मा वेळ, मग पाव, मग काहीच नाही.

आणि हो, 'प्रत्येक क्लास निम्मे सामने जिंकतोय' म्हणजे बॅलन्स झाला, असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. एखादा क्लास नवख्यांना धुतो आणि वरच्या रँकला मार खातो. सरासरी तरीही पन्नास!

राहिला पंच. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या अहिल्यानगरला वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्या कुस्तीत पंचांनी चितपट दिली आणि खांदे टेकले की नाही यावरून वाद पेटला. मोहोळ पुढे किताब जिंकला. पण आजही चहाच्या टपरीवर निम्मी चर्चा त्या खांद्यांचीच! गेममध्ये पंच म्हणजे सर्व्हर. पिंग २०० असेल तर तुझा टॅप होऊन त्याचा निकाल परत येईपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग गेलेला असतो. स्क्रीनवर तू बाजूला सरकलास, पण पंचाच्या नजरेत अजून तिथंच होतास. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की हे आणखी बिघडतं. चार हजारांची तलवार यात काहीच करू शकत नाही.

तर शेवगावच्या भावा, तलवार घेऊ नकोस. तुझ्या गेममध्ये सारख्या गिअरची अरीना आहे का ते बघ. असेल तर तिथं वीस सामने खेळ आणि हार कशाने होते ते वहीत लिही: डाव चुकला, पिंग चढलं, की तुझ्या क्लासची जोडच वाईट होती. अशी अरीनाच नसेल, तर समजून जा की कंपनीला तुझी हार विकायची आहे, आणि पुढच्या महिन्यात सहा हजारांची तलवार येणार आहे. हप्ता भर, आणि वीस सामन्यांचं काय झालं त्याची व्हॉइस नोट पाठव. पुढच्या भागात लावतो.