दहा दिवसांची बॅग

दोस्तांनो, आधी एक खेळ खेळू या. समजा, तुम्हाला दहा दिवस परक्या देशात जायचंय. फिरायला नव्हे हं! तिथल्या एका खेड्यातल्या लोकांच्या उपयोगी पडायला. बॅग एकच आणि वजन फार तर पंधरा किलो. काय काय भराल?

माझ्या चौथीच्या वर्गाला मी हेच विचारलं. बिस्किटाचे पुडे, खडूच्या पेट्या, जुने स्वेटर, एक बॅट, दोन चेंडू. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "बाई, पैसेच न्या की! बाकीचं तिथं मिळंल." सगळे हसले. मी मात्र हसले नाही, कारण त्याचं उत्तर चुकलेलं नव्हतं. त्याच्याकडे नंतर येते.

आमची शाळा हिंजवडीची. आजोबा-आजींना विचारलंत तर ते सांगतील, इथे पूर्वी भाताची खाचरं होती, ऊस होता आणि वर्षातून एकदा म्हातोबाच्या यात्रेला काय ती गर्दी व्हायची. आता रोज सकाळीच यात्रा! कंपन्यांच्या काचेच्या इमारती, बसगाड्यांच्या रांगा. त्यामुळे 'परदेश' हा शब्द आमच्या पोरांना नवा नाही. एकीची आई कंपनीत साफसफाईला जाते, तीसुद्धा घरी येऊन सांगते, "आमचं साहेब सहा महिनं जर्मनीला गेलं." पण हे सगळे जातात ते कामासाठी, पगारावर. पदरचे पैसे घालून, दहा दिवस दुसऱ्याच्या गावात राबायला कोण जातं?

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेली. तिचं नाव नाही सांगत, तिला आवडायचं नाही. आपण तिला ताई म्हणू. ताई आता कॉलेजात आहे. तिचं कुटुंब ख्रिस्ती, पुण्यातल्या एका मराठी चर्चमध्ये जाणारं. तिथल्या तरुण संघाची नेपाळला जायची टूम निघाली. डोंगरातल्या एका शाळेला पाण्याची टाकी आणि दोन शौचालयं बांधायला मदत करायची. निघायच्या महिनाभर आधी ती माझ्याकडे यादी घेऊन आली. "बाई, बघा ना, काय राहिलंय?"

यादी भली लांब होती. पण मी शिक्षिका, मला खोड आहे. मी आधी माझ्या मागच्या बाकावरच्या पोराचाच प्रश्न विचारला. "तुम्ही बारा जण. रेल्वेचं, बसचं भाडं, जेवणखाण. एवढे पैसे तसेच पाठवले तर तिथलेच गवंडी कामाला लागतील, त्यांना मजुरीही मिळेल. तुम्ही कशाला जायचं?"

ताई गप्प झाली. मग म्हणाली, "मी पाळकसाहेबांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, जमलेल्या पैशातले निम्मे सिमेंट-विटांना आणि मजुरीलाच जाणार आहेत. पण बाई, मला खरंच माहीत नाही, मी कशाला जातेय."

हे उत्तर मला आवडलं. मग मी तिला एक गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते, कारण या गोष्टीत ते 'परकं खेडं' म्हणजे आपणच आहोत!

सन १८२७. अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका ख्रिस्ती मिशन संस्थेने एका शिक्षिकेला मुंबईला पाठवलं. तिचं नाव सिंथिया फरार. वय बत्तीस, म्हणजे माझ्याच आगेमागे. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, तो १८६९ मध्ये उघडला. शिडाच्या जहाजातून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायचं, कित्येक महिने फक्त पाणी बघत. लग्न न झालेली एकटी बाई असा प्रवास करून परदेशी कामाला जाते, हे अमेरिकेतही नवलाचं होतं. डिसेंबरअखेर ती मुंबईत उतरली. काम काय? मुलींना शिकवायचं.

आणि मराठीचं एक अक्षर येत नव्हतं!

विचार करा. माझ्या वर्गात दरवर्षी बांधकामावरच्या मजुरांची मुलं येतात. कुणी घरी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी गोरमाटी. पहिले दोन महिने ते पोर माझ्याकडे बघतं नि मी त्याच्याकडे. त्याला तहान लागलीय की पोट दुखतंय, मला कळत नाही. एकदा तर मी एका मुलीला 'उत्तर देत नाही' म्हणून रागावले होते. नंतर कळलं, तिला प्रश्नच समजला नव्हता. फरारबाईंचं तर उलटंच. वर्ग सगळा मराठी आणि परक्या फक्त बाई!

त्या मराठी शिकल्या. त्या काळी मुलीने शिकणं घरच्यांना मुळीच पसंत नसायचं. शिवाय मिशनच्या लोकांना आपल्या धर्माचा प्रसार करायचा होता, ते काही लपून नव्हतं. त्यामुळे लोकांना भीती वाटायची, कधी मुलींना शाळेतून काढून नेत. ती भीती अगदीच उगाच होती असं मी म्हणणार नाही. तरी हळूहळू मुली येऊ लागल्या. मध्ये आजारपणामुळे फरारबाईंना मायदेशी जावं लागलं. त्या परत आल्या आणि १८३९ पासून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहिल्या. १८६२ साली तिथेच वारल्या. मोजा बरं, किती वर्षं झाली ती?

आता पुढचा भाग नीट ऐका. नगरची त्यांची मुलींची शाळा बघायला पुण्याहून एक तरुण गेला. सदाशिव गोवंडे नावाचा त्याचा मित्र नगरला नोकरीला होता, तो त्याला घेऊन गेला. त्या तरुणाचं नाव जोतीराव फुले. मुली बसून शिकताहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १८४८ साली पुण्यात, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात, त्यांनी मुलींची शाळा काढली. तिथे शिकवायला उभ्या राहिल्या सावित्रीबाई. त्यांनीही नगरला फरारबाईंकडे शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. डी.एड. करताना मला हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

"पण बाई," ताई म्हणाली, "त्या तीसच्या वर वर्षं राहिल्या. मी दहा दिवस!"

खरं होतं. मग मी तिला आयडा स्कडरची आठवण करून दिली. ही मुलगी १८९० साली अमेरिकेतून तमिळनाडूत तिंडिवनमला आली, ती फक्त आजारी आईची सेवा करायला. वडील तिथे मिशनचे डॉक्टर. थोडे दिवस राहून परत जायचं, भारतात राहायचं नाही, असं तिचं पक्कं होतं. एका रात्री तीन घरांतून तीन माणसं आली. प्रत्येकाची बायको बाळंतपणात अडलेली. पुरुष डॉक्टर त्यांच्या घरात चालत नव्हता. "तूच चल," म्हणाले. आयडा डॉक्टर नव्हती. काय करणार? सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. आयडा अमेरिकेला परतली, शिकून १८९९ मध्ये डॉक्टर झाली आणि १९०० साली पुन्हा आली. वेल्लोरचं आजचं प्रसिद्ध रुग्णालय तिच्यामुळे उभं राहिलं.

ताईने यादी परत घेतली आणि त्यातला निम्मा भाग खोडला. त्या जागी लिहिलं, 'नेपाळी'. महिनाभर ती रोज वीस शब्द पाठ करत होती. एक गंमत माहीत आहे का? नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात! विद्यालय, शौचालय, विद्यार्थी हे शब्द तर आपलेच. वाटेला ते 'बाटो' म्हणतात, भुकेला 'भोक'. पण 'चिनी' म्हणजे चीनचा माणूस समजाल तर फसाल. ती साखर!

तिकडून ती आली ती हात सोलवटून. मी विचारलं, "काय काय बांधलंस?" ती हसायलाच लागली.

"बाई, पहिल्या दिवशी आम्ही दोन ओळी विटा लावल्या. फोटो काढले. संध्याकाळी मी विसरलेली बाटली आणायला गेले, तर गावचा डकर्मी, म्हणजे तिथला गवंडी, आमची एक ओळ गुपचूप काढून पुन्हा लावत होता. वाकडी झाली होती ना!"

मला वाटलं, तिला केवढं लागलं असेल. लागलंच होतं. रात्रभर ती तळमळली. मी विचारलेला प्रश्न तिला आठवत होता, असं म्हणाली, आणि मला माझाच राग आला. सकाळी मात्र ती उठून सरळ त्या काकांकडे गेली आणि जमेल तशा नेपाळीत म्हणाली, मला शिकवा. त्यांनी आधी तिच्या हातून थापी काढून घेतली. दोन दिवस नुसत्या विटा द्यायला लावल्या. तिसऱ्या दिवशी ओळंबा कसा सोडायचा ते दाखवलं. ती घाई करायला लागली की ते म्हणायचे, "बिस्तारै, बिस्तारै." म्हणजे हळूहळू.

दहाव्या दिवशी टाकी अर्धीच झाली होती. बाकीची गावाने पुरी केली. ताईच्या हातच्या विटा किती? तिने मोजल्यात, त्रेसष्ट.

निघताना एक आठ-नऊ वर्षांची मुलगी तिच्या ओढणीला धरून उभी होती. पुन्हा कधी येणार, म्हणून विचारत होती. गटातले सगळे भराभरा सांगत होते, "लवकर येऊ, नक्की येऊ." ताईला ते म्हणवेना. तिकिटाचे पैसे पुन्हा कधी जमतील कोण जाणे. तिने फक्त पत्ता मागितला आणि दर महिन्याला पत्र लिहीन, एवढंच कबूल केलं.

आतापर्यंत तिने पाच पत्रं पाठवलीत, मोडक्यातोडक्या नेपाळीत. मी तिचं पोस्टाच्या तिकिटाचं पाकीट पाहिलंय, सहावं तयार आहे. चार महिने उत्तर आलं नाही. गेल्या आठवड्यात आलं. वहीचं फाडलेलं पान, वर टाकीचं चित्र, निळ्या खडूने रंगवलेलं पाणी. ताई ते घेऊन थेट शाळेत आली आणि माझ्या चौथीच्या वर्गासमोर मोठ्याने वाचू लागली. अक्षरं ओळखीची, म्हणून पोरंही तिच्याबरोबर फळ्यावरचं वाचायला लागली. अर्थ निम्माच लागत होता. उरलेल्या शब्दांची यादी आम्ही फळ्यावर तशीच ठेवलीय.