माती देईल त्याला वाटा

टीव्हीवर ममी दिसली की मुले घाबरतात आणि आपणही ती भुताची गोष्ट समजून सोडून देतो. खरे तर आपल्या माणसाला निरोप द्यायची ती इजिप्त देशातली जुनी रीत होती. अडीच हजारांहून जास्त वर्षे ती चालली. आज आम्ही तिची माहिती सांगणार आहोत, आणि तिच्याशी बायकांच्या मालमत्तेचा काय संबंध होता तेही.

त्या लोकांची श्रद्धा अशी, की मेल्यावर आत्म्याला परत टेकायला शरीर लागते. शरीर नासले तर आत्मा बेघर होईल. म्हणून ते टिकवायचे.

या कामाला साधारण ७० दिवस लागत. आधी मेंदू आकड्याने नाकावाटे काढून टाकत. मग डाव्या कुशीला चीर देऊन आतडी, जठर, यकृत आणि फुप्फुसे काढत आणि वाळवून ठेवत. त्यासाठी बहुधा चार वेगळ्या बरण्या असत. हृदय मात्र जागेवर राही. परलोकात ओसायरिस देवापुढे त्याचे वजन होणार, दुसऱ्या पारड्यात सत्याची देवता मात हिचे पीस असणार, अशी समजूत होती. हृदय पापाने जड निघाले तर एक राक्षसी ते खाऊन टाकी.

यानंतर शरीर सुमारे ४० दिवस नॅट्रॉनमध्ये ठेवत. हा तिथल्या कोरड्या तळ्यांकाठी मिळणारा सोडा-मिठाचा खार. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, ते आपल्याला माहीतच आहे. तेच इथे होई. शरीर कोरडे झाले की तेल आणि राळ लावून तागाच्या पट्ट्यांत गुंडाळत, मधे ताईत ठेवत. पुष्कळदा या पट्ट्या घरातलीच जुनी कापडे फाडून केलेल्या असत.

हे सगळे खर्चाचे काम. सुमारे २,४५० वर्षांपूर्वी इजिप्त पाहून आलेला ग्रीक लेखक हिरोडोटस लिहितो, की कारागिरांचे तीन दर होते: महाग, मध्यम आणि स्वस्त. ज्यांना तेही परवडत नसे, त्यांना चटईत गुंडाळून वाळवंटात पुरत. गंमत अशी, की त्या तापलेल्या वाळूनेच कित्येक देह आपोआप वाळून टिकले.

आता हा खर्च करायचा कोणी? नाईल नदीच्या पश्चिमेला देर अल-मदिना हे कारागिरांचे गाव होते. राजांच्या कबरी खोदणारी आणि रंगवणारी माणसे तिथे राहत. तिथल्या जुन्या कागदांत एक नियम सापडतो: जो माती देईल, त्याला मालमत्ता. आईला एकट्याने पुरले म्हणून तिच्या वस्तूंवर हक्क सांगणारा मुलगाही त्या कागदांत भेटतो.

याच गावात नौनाख्ते नावाची बाई होती. तिला आठ मुले. इजिप्तमध्ये बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येई आणि ती कोणाला द्यायची ते ठरवता येई. म्हातारपणी काही मुलांनी तिच्याकडे पाहिले नाही. इसवी सनापूर्वी ११४५च्या सुमारास ती गावच्या न्यायसभेपुढे उभी राहिली आणि तिने मृत्युपत्र लिहून घेतले. ज्यांनी सांभाळले, त्यांना वाटा. ज्यांनी सांभाळले नाही, त्यांना तिच्या वाट्यातले काही नाही. वडिलांच्या मालमत्तेतला त्यांचा हक्क मात्र तिने मान्य केला. एका मुलाला तर तिने इतरांपेक्षा जास्तीचे एक काशाचे भांडे दिले. ते मृत्युपत्र आजही इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे.

मैत्रिणींनो, ममी बघायची असेल तर बडोद्याच्या संग्रहालयात एक आहे. सयाजीराव महाराज गायकवाडांच्या काळात ते संग्रहालय उभे राहिले. पण आम्हाला ममीपेक्षा नौनाख्तेचा कागद मोठा वाटतो. देह टिकवायला राळ, ताग आणि पैसा लागला. तिचा शब्द टिकायला चार लोकांसमोर लिहिलेला एक कागद पुरला.

आपल्यातल्या किती जणींच्या नावावर घर आहे, शेत आहे, निदान बँकेतली ठेव आहे? आणि आपल्यामागे ते कोणाला जावे, हे किती जणींनी लिहून ठेवले आहे? येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की या दोन प्रश्नांवर जरूर बोला.